नाशिकची जुळी

किमोच्या दिवसांत मी बाळंतिणीचे लाडू खाल्ले. डिंकाचे, अळिवाचे, खारीक-खोबऱ्याचे. आमच्या गावच्या, तीर्थपुरीतल्या शेजारणींनी ते माझ्या भाचीसाठी पाठवले होते, तिला जुळं झालं म्हणून. भाचीला जुळं झालं नव्हतं. एकही झालं नव्हतं. माझं तोंड आलेलं असायचं, म्हणून मी ते लाडू कोमट दुधात कुस्करून चमच्याने गिळायचे, आणि ज्या बायकांनी ते वळले त्यांची मनातल्या मनात माफी मागायचे.

आता उपचार संपले आहेत आणि तपासण्या सध्या ठीक येतात, म्हणून हे लिहायला बसले. दवाखान्यात ओळख झालेल्या बायका फोन करतात. त्या औषधांचं विचारत नाहीत, ते डॉक्टर सांगतात. त्या विचारतात, "ताई, तुम्ही घरी कसं सांगितलं? पाहुण्यांना काय सांगितलं?" मी फार शहाणपणाने सांगितलं असं नाही. जे झालं ते असं झालं.

गाठ

आंघोळ करताना हाताला गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून कापसाची वेचणी उरकेपर्यंत थांबले. दुखत नाही ते दुखणं नाही, असं आमच्या घरात सगळेच मानतात. वेचणी झाली, पोरीच्या लग्नाची बोलणी झाली, आणि मग एक दिवस संभाजीनगरच्या दवाखान्यात मी आणि आमचे हे डॉक्टरांच्या टेबलासमोर बसलो होतो.

डॉक्टर बाई तरुण होत्या. रिपोर्ट वाचला, आमच्याकडे बघितलं आणि आजाराचं नाव सरळ सांगितलं. मला ते ऐकू आलं आणि नाहीही आलं. टेबलावर एक प्लॅस्टिकचं फूल होतं, त्याच्यावरची धूळ कुणी पुसत कशी नाही, एवढंच डोक्यात येत होतं. मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाला हा आजार होता का? आई, बहीण, मावशी?"

"न्हाई," हे म्हणाले. "बिलकुल कुणाला न्हाई."

हे खोटं बोलत नव्हते. त्यांना जे माहीत होतं तेच त्यांनी सांगितलं. माझी थोरली बहीण सुमनताई बऱ्याच वर्षांपूर्वी गेली, पण ती काविळीने गेली, असं तिच्या सासरच्यांनी सांगितलं होतं आणि आम्ही तेच धरून चाललो होतो. मी तिला शेवटचं भेटायला गेले तेव्हा कडक उन्हाळा होता आणि ती पदर छातीशी घट्ट आवळून बसली होती. "ताई, एवढ्या उकाड्यात काय गुंडाळून बसलीस, मी काय पाहुणी हाये का?" असं मी चेष्टेने म्हणाले होते. ती हसली होती. तो पदर मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या दिसला.

बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसले आणि सुमनताईच्या मुलीला, शीतलला, फोन लावला. ती नाशिकला असते. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मावशी, आईला तेच होतं. बाबांनी कुणाला सांगू दिलं नाही. माझं लग्न व्हायचं होतं ना."

मला तेव्हा माझ्या गाठीचं रडू आलं नाही. राग आला. माझी बहीण एवढं सगळं भोगून गेली, आणि आमच्याकडे तिची काय गोष्ट उरली? तर कावीळ. ती कशी लढली, कुणाजवळ रडली, तिला काय खावंसं वाटत होतं, मला काही ठाऊक नाही. तिचं खरं कुणी बोललं असतं, तर मी कापसाच्या वेचणीसाठी थांबले नसते.

अक्कांची युक्ती

आमच्या थोरल्या जाऊबाईंना आम्ही अक्का म्हणतो. घर त्यांच्या शब्दावर चालतं, आणि खरं सांगायचं तर चांगलं चालतं. बातमी ऐकल्यावर त्या आधी रडल्या. मग पदराने तोंड पुसलं आणि विचार करायला लागल्या.

माझी मुलगी आरती, तिची सुपारी नुकतीच फुटली होती. मुलगा वडीगोद्रीचा, महेश नावाचा, जालन्याला बियाण्याच्या कंपनीत नोकरीला. त्याची आई कौशल्याबाई हायवेच्या कडेला पिको-फॉल आणि शिवणकामाचं दुकान चालवते. माणसं साधी, घर चांगलं.

"हे बघ मंदा," अक्का म्हणाल्या, "रोग आज हाये, उद्या न्हाई. पर पोरीचं लगीन एकदा मोडलं की मोडलं. त्या लोकायला कळलं तर म्हणतील, माय अशी, मावशी अशी, मंग पोरगी कशी निघंल?"

"मंग काय सांगायचं?"

"तू नाशकाला गेलीस म्हणायचं. शीतलच्या बाळंतपणाला. तिला माय न्हाई, मावशीच माय. कोण नाव ठेवतं?"

"आन् केस गेल्यावर?"

"बालाजीला दिले म्हणू."

त्यांच्याकडे सगळ्याचं उत्तर तयार होतं. मी हो म्हणाले. मला भीती वाटत होती, आणि घाबरलेल्या माणसाला दुसऱ्याने सगळं ठरवून दिलं की बरं वाटतं. शीतललाही विचारलं. ती बिचारी म्हणाली, "माझं नाव घे मावशी. एवढं तरी माझ्याकडून होऊ दे."

जालन्यात मस्तगडला अक्कांच्या भावाच्या घरी माडीवरची खोली रिकामी होती. तिथे मला ठेवलं. डोस घ्यायला संभाजीनगरला जायचं आणि परत त्या खोलीत येऊन पडायचं. एकच नियम होता, दिवसा गॅलरीत उभं राहायचं नाही. तीर्थपुरीचा माणूस पिशवी घेऊन निघाला की जालन्यालाच येतो, आणि त्याची नजर तर वरच असते.

खुर्ची

किमोच्या वॉर्डात ओळीने मागे कलणाऱ्या खुर्च्या असतात. आपापल्या खुर्चीत बसायचं, हात पुढे करायचा, आणि सलाईन थेंब थेंब उतरताना बघायचं. एक औषध लाल रंगाचं होतं. ते लावायच्या आधी सिस्टर प्रत्येकीला विचारायची, "नाव सांगा. पूर्ण नाव." मग हातातला कागद बघून माझं नाव, आजाराचं नाव आणि औषधाचं नाव मोठ्याने वाचायची. चूक होऊ नये म्हणून तो त्यांचा रिवाज होता. पहिल्यांदा मला मेल्यासारखं झालं. पुढे पुढे मी त्या क्षणाची वाट बघायला लागले. माझ्याबद्दल खरं तेवढ्या एकाच ठिकाणी बोललं जात होतं.

शेजारच्या खुर्चीतल्या बाईला तिची सून मोसंबीचा रस पाजायची. आमची स्वतःची मोसंबीची बाग आहे. कितीतरी आजाऱ्यांना आम्ही पिशव्या भरभरून मोसंबी पाठवली असेल. मी आजारी पडले तर माझ्या तोंडाला तो रस लागला की आग व्हायची. बागेतून आलेली मोसंबी मी नुसती हातात धरून वास घ्यायचे.

केस जायला लागले तेव्हा ह्यांनी घरची कात्री घेतली आणि खिडकीच्या उजेडात मला बसवून सगळे कापले. न्हाव्याला बोलवायची सोय नव्हती. कापलेले केस त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळले आणि ते पुडकं हातात घेऊन खोलीच्या मध्यभागी उभे राहिले. कुठे टाकावं हे त्यांना कळत नव्हतं. शेवटी तीर्थपुरीला घेऊन गेले आणि बागेत एका झाडाखाली पुरलं, हे मला फार नंतर सांगितलं.

ह्यांना आयुष्यात साधा चहा करता येत नव्हता. त्या खोलीत भात शिकले, मऊ खिचडी शिकले. मला उलटी होताना पातेलं धरून बसायचे.

"उलटी झाली की बरं वाटतं का?"

"थोडं."

"मंग होऊ दे."

आमचं बोलणं एवढंच. लग्नानंतर इतक्या वर्षांत हा माणूस माझ्याजवळ इतका वेळ कधी बसला नव्हता. बागेला पाण्याची पाळी, बाजार, भावकी, यातून सवड कुठली. आजारपणाने मला जे काही दिलं, त्यात हे धरावं लागेल.

आरतीला मात्र मस्तगडला यायची मनाई होती. ती आली की कुणीतरी मागे येणार, असं अक्कांना वाटायचं. फोनवर ती चिडायची. "आई, तू तिकडं मरून राह्यलीस आन् मी इथं गहू निवडत बसू?" असं एकदा म्हणाली आणि मग तासभर रडली.

मुलगा की मुलगी

आता जुळ्याचं सांगते.

एक दिवस पारावर कुणीतरी ह्यांना विचारलं, "काय झालं नाशकाला?" ह्यांना खोटं बोलायची सवय नाही. गडबडून म्हणाले, "मुलगी झाली." त्याच दुपारी अक्कांनी पिठाच्या गिरणीवर सांगितलं, "मुलगा झाला." दिवस मावळेपर्यंत दोन्ही बातम्यांची गाठ पडली आणि दोघी-तिघी खरं काय ते विचारायला घरी आल्या. अक्कांनी डोळ्याची पापणीही न लववता सांगितलं, "दोन्ही बराबर हाये. जुळं हाये."

ह्यांनी मला हे येऊन सांगितलं तेव्हा आम्ही दोघं पोट धरून हसलो. हसताना मला ठसका लागला, ह्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आजार कळल्यापासून त्या खोलीत पहिल्यांदा हसू ऐकू आलं होतं.

पण मग लाडूंचे डबे दुप्पट यायला लागले. जुळ्याच्या आईला जास्त लागतं ना. कुणी बाळांच्या बारशाची चौकशी केली, कुणी दूध पुरतं का विचारलं. कौशल्याबाई तर आरतीला दर फोनवर पहिल्यांदा तेच विचारायच्या, "नाशकाची लेकरं कशी हायेत?" त्यांना जुळ्यांचं भारी कौतुक.

एका दुपारी मी खोलीत पडले होते. अंगात ताप होता, खाली गल्लीत भांडीवाल्याशी कुणाची तरी घासाघीस चालली होती. मला वाटलं, मी आत्ता गेले तर? लोक काय सांगतील? नाशिकला भाचीच्या बाळंतपणाला गेली आणि तिकडेच काही तरी होऊन गेली. कावीळच म्हणतील बहुतेक. ती न जन्मलेली लेकरं, त्यांची सगळं गाव चौकशी करत होतं. माझी कुणीच करत नव्हतं, कारण मी ठणठणीत होते.

मला मरणाची भीती वाटत होतीच, ती कुणाला वाटत नाही? पण त्याहून जास्त भीती सुमनताईसारखं जाण्याची वाटत होती. मी काही मोठी बाई नाही. बारावी झाले, संसार केला, बाग सांभाळली. माझी गोष्ट कुणी ऐकावी असं तिच्यात काय आहे, असं मला नेहमी वाटायचं. त्या दुपारी मात्र वाटलं, जी काही आहे ती माझी आहे. तिच्यात गाठ असली तर गाठीसकट ती माझ्या पोरीला मिळाली पाहिजे.

त्याच आठवड्यात आरतीने फोनवर मला एक प्रश्न विचारला. चिडून नाही, अगदी शांतपणे. "आई, उद्या मला गाठ आली तर मी कुणाच्या बाळंतपणाला जाऊ?"

मी रेंज नाही म्हणून फोन ठेवला.

बस्ता

लग्नाचा बस्ता बांधायला दोन्हीकडची माणसं जालन्याला आली. आमच्याकडे बस्ता म्हणजे अर्धं लग्नच. दोन्ही घरच्या बायका दुकानाच्या गादीवर मांडी घालून बसतात, नवरीच्या साड्यांपासून मानपानाच्या कपड्यांपर्यंत सगळं तिथेच निवडलं जातं, आणि नवरीच्या आईशिवाय बस्ता कुणी बघितला नसेल. पण मी नाशिकला होते. माझ्या जागी अक्का होत्या. दुकान मस्तगडच्या माझ्या खोलीपासून दोन गल्ल्यांवर होतं.

आरतीने व्हिडिओ कॉल लावला. मी टोपी घातली, वरून पदर घेतला, कुंकू लावलं, भिंतीला पाठ लावून बसले. तिने शालू दाखवला, मोरपंखी साडी दाखवली. "आई, कोणती?" मी म्हणाले, "मोरपंखी." तेवढ्यात कौशल्याबाईंचं तोंड मोबाइलमध्ये आलं.

"इहीणबाई, साड्या राहू द्या! लेकरं दाखवा की!"

"झोपलीत," मी म्हणाले.

"मंग झोपलेलीच दाखवा. मी दोघायला झबली शिवलीत बघा." त्यांनी पिशवीतून दोन झबली काढून मोबाइलपुढे धरली. एक पिवळं, एक आकाशी. गळ्याला बारीक वेल काढलेली. "माप बराबर बसंल का, हे बघायचंय."

मी फोन बंद केला.

मग चपला घातल्या. जिना उतरताना भिंतीला धरत होते. उन्हाने डोळे दिपले, कितीतरी दिवसांत मी दुपारचा रस्ता बघितला नव्हता. दोनदा दुसऱ्यांच्या ओट्यावर बसले. एका बाईने पाणी विचारलं, मी प्याले आणि पुढे निघाले.

दुकानात शिरले तेव्हा अक्कांनीच मला आधी बघितलं. क्षणभर त्या दगड झाल्या, पण शेवटी त्या अक्का. "अगं बाई! नाशकाहून कवा आल्तीस? सांगायचं तरी!"

"मी नाशकाला गेल्तेच न्हाई, अक्का."

आरती उठून माझ्याकडे धावली. कोपऱ्यात बसलेले हे जागचे हलले नाहीत. मी गादीच्या कडेला बसले, कारण उभं राहवत नव्हतं. पदर सरकला, टोपी दिसली, ती सावरायचा मला कंटाळा आला. मी कौशल्याबाईंकडे बघून बोलले.

"ताई, मला छातीचा क्यान्सर हाये. मी दोन गल्ल्या सोडून राह्यते, उपचार चालू हायेत. माझी थोरली बहीण ह्याच रोगानं गेली. तिचं कावीळ म्हणून सांगितलं, ते खरं न्हाई. आरतीला पुढं काय व्हईल, मला म्हाईत न्हाई. तुमाला कळलं पाहिजे म्हणून सांगाया आले."

दुकानातला नोकर साडीची घडी हातात धरून तसाच थांबला. कौशल्याबाईंच्या मांडीवर ती झबली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग झबल्यांकडे.

"मंग लेकरं?"

"लेकरं न्हाईत."

"दोन्हीबी?"

"दोन्हीबी न्हाईत, ताई."

त्यांचा चेहरा असा पडला की मला माझ्या आजाराचाही विसर पडला. त्यांना क्यान्सर कळायला वेळ लागला असता, पण लेकरं गेल्याचं लगेच कळलं. त्यांनी झबल्यांची घडी घातली, पिशवीत ठेवली, पिशवीचं तोंड बांधलं. महेशचे चुलते म्हणाले, "आज बस्ता राहू द्या. घरी बसून बोलतो, मंग कळवतो." आणि ती सगळी माणसं उठून गेली.

खुर्ची गॅलरीत

अक्का मस्तगडच्या खोलीत येऊन मला जे बोलल्या ते लिहीत नाही. "पोरीचं वाटोळं केलंस" हे त्यातलं सगळ्यात सौम्य वाक्य होतं. मला त्यांचा राग आला नाही. त्या माझ्यासाठीच चिडल्या होत्या, आरतीसाठी चिडल्या होत्या. बोलून झाल्यावर त्यांनी माझे पाय चेपले आणि पाय चेपता चेपता परत बोलल्या.

ह्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीतली खुर्ची उचलली आणि गॅलरीत नेऊन ठेवली. "बस उन्हात," म्हणाले. मी बसले. खालून आमच्या गावचा एक माणूस गेला, त्याने वर बघितलं, मी हात केला.

आरती त्या दिवसापासून माझ्याजवळच राहिली. वडीगोद्रीहून फोन येत नव्हता. ती मला काही विचारत नव्हती, मी तिला काही विचारत नव्हते. एकदा मात्र मी म्हणाले, "तुझं लगीन मोडलं तर मला माफ करशील का?" ती म्हणाली, "न्हाई म्हाईत, आई." खोटं बोलली नाही, याचं मला त्याही वेळी बरं वाटलं.

पुढचा डोस झाला. फोन आला नाही. ते दिवस सगळ्यात वाईट होते, उलट्यांपेक्षाही. आपण खरं बोललो की समोरचा लगेच चांगलं वागतो, असं कुणी तुम्हाला सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

मग एक दिवस कौशल्याबाई एकट्याच जिना चढून आल्या. हातात तीच पिशवी. पाणी प्यायल्या, पदराने वारा घेतला आणि माझ्यासमोर मांडी घालून बसल्या.

"इहीणबाई, आता सुरुवातीपासून सांगा. काही सोडू नका."

मी सांगितलं. सुमनताईचा पदर, वेचणी, दवाखान्याची पायरी, अक्का, लाल औषध, केसांचं पुडकं, लाडू, सगळं. मध्ये दम लागला तेव्हा थांबले. त्या ऐकत राहिल्या. सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता मी सांगते. चुकलं तर बोला."

आणि त्यांनी माझी गोष्ट मला पहिल्यापासून सांगितली. धडा पाठ करतात तशी. "मंदाकिनीबाईची धाकटी बहीण सुमन..."

"थोरली," मी म्हणाले.

"थोरली बहीण सुमन. तिला हाच आजार व्हता, पर घरच्यानं कावीळ सांगितली. म्हणून मंदाकिनीबाईला जल्दी कळलं न्हाई..."

मी भिंतीला टेकून ऐकत होते. दुसऱ्याच्या तोंडून माझं आयुष्य मी कधी ऐकलं नव्हतं. त्यात माझ्या बहिणीचं नाव होतं, तिच्या खऱ्या आजारासकट. मला हुंदका आवरला नाही. कौशल्याबाई थांबल्या, माझं आटोपेपर्यंत वाट बघितली आणि पुढे सांगायला लागल्या.

"हे पाठ कशाला करून राह्यल्या, ताई?" मी शेवटी विचारलं.

"आमच्या भावकीला मीच सांगणार. दुसऱ्याच्या तोंडानं गेलं की काय व्हतं, ते जुळ्यावरून कळलं न्हाई का?"

"मंग लगीन?"

"चुलते न्हाई म्हणतेत. महेश व्हय म्हणतो. आन् मी समदं ऐकून घेतलं." "एक अट हाये माझी. आरतीला दवाखान्यात दाखवायचं, तपासायचं, ते सगळं करायचं. पर लग्नाच्या आधी बिलकुल न्हाई. आधी केलं तर लोक म्हणतील, पास झाली म्हणून केली. लगीन झाल्यावर मी नेते. आमच्या घरची म्हणून."

जिन्यात आरतीचं पाऊल वाजलं. ती दारात येऊन उभी राहिली तेव्हा कौशल्याबाई म्हणाल्या, "मोरपंखी अजून दुकानातच हाये. दुसऱ्यानं नेली न्हाई, मी इचारलं."

जाताना पिशवी माझ्याजवळ ठेवून गेल्या. ती दोन झबली माझ्या कपाटात आहेत. कुणाच्या ना कुणाच्या अंगाला येतील.

लिहून घ्या

लग्न झालं. महेशचे चुलते आले नाहीत, त्यांच्या बायका आल्या. मी टोपी न घालता बसले होते, केस बोटभर वाढले होते, आणि बालाजीला कधी गेला होतात असं कुणीही विचारलं नाही. अक्का आजही म्हणतात, "माझी युक्ती चांगली व्हती. भाऊजींनी मुलगी सांगितली म्हणून बिघडलं." मी त्यांच्याशी वाद घालत नाही. माझ्या आजारात ज्यांनी माझं अंथरूण धुतलं त्यात त्या होत्या.

ज्यांना हे वाचून आपल्या घरी सांगायचं आहे, त्यांना एकच सांगते. सगळ्यांना सांगायला जाऊ नका, ते होत नाही. पण एका तरी माणसाला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगा, आणि जमलं तर त्याच्याकडून परत ऐका.

लग्नानंतर आम्ही तिघी संभाजीनगरला गेलो, आरती, तिची सासू आणि मी. त्याच डॉक्टर बाई, तेच टेबल. प्लॅस्टिकचं फूल कुणीतरी काढून टाकलं होतं. आरतीची माहिती विचारता विचारता त्यांनी तेच विचारलं. "घरात कुणाला हा आजार होता का? आई, बहीण, मावशी?"

"हो," आरती म्हणाली. "आईला. आणि सुमनमावशीला."

कौशल्याबाई खुर्चीतून पुढे वाकल्या. "थोरली बहीण व्हती, म्याडम. सुमन. लिव्हून घ्या."

डॉक्टरांनी लिहून घेतलं.